घरात मांजर कोणतं आणावं? एका प्रश्नाचा मागोवा

या मालिकेत आपण एरवी किल्ले, लढाया, घाटवाटा आणि रसद यांबद्दल बोलतो. आजचा विषय मांजर आहे. नेहमीच्या श्रोत्यांपैकी काहींना वाटेल, मैलापूरच्या उकाड्याने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण हा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या घरातूनच आला.

मी मुलीकडे मैलापूरला राहतो, कपालीश्वराच्या तळ्यापासून पायी दहा मिनिटांवर. घरात नऊ वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात. गेल्या वर्षी मुलांच्या हट्टापायी जावयाने एका विक्रेत्याकडून चपट्या नाकाचं पांढरं पर्शियन पिल्लू आणलं. 'ही जात मुलांसाठी सगळ्यात शांत' असं सांगून विकलेलं. दोन महिन्यांचं आहे म्हणाले होते, पण डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं, जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. शांत होतंच ते. आजारी होतं म्हणून शांत होतं, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. अकराव्या दिवशी गेलं. पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणू, लस न टोचलेल्या पिल्लांचा काळ. नातू दोन दिवस धड जेवला नाही. 'मी त्याला जास्त उचलून घेतलं म्हणून मेलं का आजोबा?' हा त्याचा प्रश्न. नाही रे बाबा, असं मी दहादा सांगितलं. पटलं असं वाटलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं, की हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, तेव्हा इतक्यात दुसरं पिल्लू आणू नका. म्हणजे आम्हाला सक्तीचं एक वर्ष मिळालं. मुलगी म्हणाली, 'बाबा, तुम्ही जगाला इतिहास सांगता. आता बसून एवढं शोधून काढा, मुलांच्या घरासाठी शांत जात कुठली?' मी वाचायला बसलो.

पहिला धक्का बसला तो 'जात' या शब्दाचा. माणसाने कुत्र्याच्या जाती कामाप्रमाणे घडवल्या, घोड्याच्याही घडवल्या. मांजराला मात्र कोणी घडवलं नाही. सायप्रस बेटावर शिल्लूरोकांबोस इथे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. ते २००४ साली प्रसिद्ध झालं. बेटावर मांजर मुळात नव्हतं, म्हणजे कोणीतरी होडीत घालून नेलं असणार. पुढे २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की जगभरच्या पाळीव मांजरांचा मूळपुरुष पश्चिम आशियातलं रानमांजर आहे. माणसाने धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं आणि राहिलं. करारनामा एवढाच. तू उंदीर मार, मी तुला हाकलणार नाही. त्यात दिसणं, रंग, लांब केस यांना जागा नव्हती.

आपल्याकडे हा करार लेखी सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात दैवी आपत्तींवरचे उपाय आहेत. आग, पूर, रोगराई, दुष्काळ आणि उंदीर. उंदरांचं भय झालं तर मांजरं आणि मुंगूस सोडावेत आणि त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड करावा, असं तिथे सांगितलंय. म्हणजे मांजर सरकारी संरक्षणाखाली! मला हे वाचून आमच्या पलटणीच्या शिधा-कोठारातली मांजरी आठवली. क्वार्टरमास्टरच्या सुभेदारसाहेबांनी तिचं नाव 'हवालदार' ठेवलं होतं आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही तिच्यासाठी बाजूला व्हावं लागे.

कराराच्या या इतिहासातलं सर्वांत विलक्षण पान मात्र आपल्या विदर्भातलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुण्यात रँडचा वध २२ जून १८९७ चा, हे आपण मागे एका भागात पाहिलंय. पण प्लेग त्या एका घटनेपुरता नव्हता. पुढच्या दोन दशकांत हिंदुस्थानात त्याने एक कोटीच्या घरात माणसं मारली. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेवर बोट ठेवलं, लोक हसले. १९०५ च्या सुमारास मुंबईत लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाने ते सिद्ध केलं. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. गावात उंदीर पडू लागले, की माणसं घरं सोडून माळावर झोपड्या बांधत. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी हे ऐकलेलं असेल.

अशा वेळी अमरावतीला अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लेफ्टनंट कर्नल, म्हणजे गणवेशातलेच डॉक्टर. त्यांनी साधा प्रश्न विचारला: कुठल्या गावात मांजरं किती? लोक प्लेगच्या रोग्यांची मोजदाद करत असताना या गृहस्थांनी गावोगावी मांजरांची खानेसुमारी केली. ज्या गावांत बऱ्याच घरी मांजर, तिथे प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष. १९०८ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, मांजर प्लेगला रोखतं, हे मांडलं. त्याच सुमारास जपानमध्येही रॉबर्ट कॉख यांच्या सल्ल्यावरून मांजरपालनाला उत्तेजन दिलं गेलं.

मला हा माणूस आवडला. आडनावाने साहेब, पण पाहतोय कुठे, तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या चुलीपाशी. त्या काळी प्लेगवरचे सरकारी उपाय म्हणजे घरात शिरून झडती, सामान जाळणं, माणसं वेगळी काढणं. त्यातून लोक किती बिथरले, ते पुण्याने दाखवलं. आणि इथे एकजण म्हणतोय, लोकांना मांजर पाळू द्या. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे तर आपल्याकडे आधीपासूनच सांगत आले. त्या श्रद्धेच्या दिशेनेच जाणारा उपाय होता तो, म्हणून कोणाच्या घराची कडी तोडावी लागणार नव्हती.

पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. गावात मांजरं जास्त म्हणून प्लेग कमी, की जिथे प्लेग कमी तिथे माणसं घर सोडून गेली नाहीत आणि म्हणून मांजरंही टिकली? नुसत्या मोजदादीतून याचं उत्तर निघत नाही. शिवाय आज आपल्याला माहीत आहे, की मांजरालाही प्लेग होतो आणि ते माणसाला देऊ शकतं. अमेरिकेत तशा घटना नोंदल्या गेल्यात. ब्यूकॅननसाहेबांची मांजरं म्हणजे तटावरचे पहारेकरी होते, आणि पहारेकरीही गोळी खातो. तरी माझ्या कामाची गोष्ट वेगळीच होती. त्या सगळ्या मोजणीत मांजराच्या जातीचा प्रश्नच नाही. मांजर म्हणजे मांजर.

मग जात आली कुठून? लंडनहून. १३ जुलै १८७१ रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं. लंडनची साधी, गल्लीबोळातली मांजरं लोकांना चांगली दिसावीत आणि त्यांना दगड मारणं थांबावं, असा त्याचा हेतू. झालं उलटंच. प्रदर्शन म्हटलं की बक्षीस, बक्षीस म्हटलं की नियम, आणि नियम म्हटलं की नाक किती आखूड अन् केस किती लांब याची मापं. १८८७ साली नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर त्याचा पहिला अध्यक्ष. काही वर्षांतच त्याने पद सोडलं. सभासदांना मांजरांपेक्षा पदकांचं प्रेम जास्त, ही त्याची तक्रार. आज ज्यांना आपण जाती म्हणतो, त्या बहुतेक या दीडशे वर्षांतल्या. सयामी मांजरांची जोडी ब्रिटिश अधिकाऱ्याने बँकॉकहून इंग्लंडला नेली ती १८८४ साली. आपल्या मुंबईचं नाव लावणारी 'बॉम्बे' जात तर अमेरिकेत केंटकी राज्यात निकी हॉर्नर या बाईंनी १९५० च्या दशकात तयार केली. त्यांना हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्यासारखं दिसणारं छोटं मांजर हवं होतं, म्हणून नाव बॉम्बे. मुंबईशी संबंध एवढाच. मुलुंडच्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, मग आमच्या सोसायटीतल्या काळ्याला काय म्हणायचं?

आता पर्शियनकडे येऊ, कारण आमच्या घरातली जखम तिथली. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी पुढे आपल्या गोव्यापर्यंत आणि इक्केरीपर्यंत येऊन गेला. त्याने १६२० साली इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब रेशमी केसांच्या मांजरांचं वर्णन केलंय. पोर्तुगीजांनी ती इराणातून हिंदुस्थानात नेली, असंही तो सांगतो. त्यानंतर दोनशे वर्षांनी आपल्या ओळखीचा एक माणूस याच मांजरांबद्दल लिहितो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. होय, तेच एल्फिन्स्टन, पुण्याचे रेसिडेंट, पेशवाई बुडताना समोर असलेले आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर. १८०८-०९ साली ते शाह शुजाकडे वकील म्हणून पेशावरला गेले होते. त्या स्वारीवरचा त्यांचा काबूल राज्याचा ग्रंथ १८१५ साली निघाला, तेव्हा ते पुण्यातच होते. त्यात ते नोंदवतात, की लांब केसांची 'बुराक' नावाची मांजरं अफगाण मुलखातून मोठ्या संख्येने बाहेर विकली जातात. सगळीकडे त्यांना पर्शियन म्हणतात खरं, पण खुद्द इराणात ती फारशी नाहीत आणि तिथून बाहेरही जात नाहीत.

बघा, १८१५ सालीच 'पर्शियन' ही दुकानाची पाटी होती! आणि २००८ साली जनुकं तपासली तेव्हा दिसलं, की आजची पर्शियन मांजरं युरोपातल्या मांजरांच्या जवळची आहेत. म्हणजे काबूलच्या काफिल्यातून आलेलं ते मांजर लंडन-न्यूयॉर्कच्या पदकांच्या बाजारात इतकं बदललं, की नावाशिवाय फारसं काही उरलं नाही. चपटं नाक ही तर विसाव्या शतकातली करामत. त्यामुळे श्वास अडतो, डोळे सतत वाहतात, दात वेडेवाकडे येतात. काबूलच्या थंडीसाठीचे केस आणि अर्धवट मिटलेलं नाक घेऊन त्या जिवाने मे महिन्यात मैलापूरला राहायचं. शिवाय मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक दोष पाश्चात्य तपासण्यांत साधारण दर तिसऱ्या पर्शियनमध्ये आढळला होता. त्यासाठीची जनुकीय चाचणी आता उपलब्ध आहे. विक्रेत्याला ती मागून बघा, चेहरा कसा होतो ते पाहा.

आणि शांत म्हणून ज्याची सर्वांत जास्त जाहिरात होते ते रॅगडॉल. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात ॲन बेकर या बाईंनी ती जात काढली. त्यांच्या जोसेफीन नावाच्या मांजरीला मोटारीचा अपघात झाला आणि त्यानंतरची तिची पिल्लं उचलली की चिंधीच्या बाहुलीसारखी सैल पडू लागली, असं त्या सांगत. अपघाताने पिल्लांचा स्वभाव बदलत नाही, एवढं शाळेतल्या मुलालाही कळतं. पण गोष्ट चालली, कारण प्रत्येक आईबापांना तेच हवं असतं: मुलाने कसंही उचललं तरी ओरबाडणार नाही असं मांजर.

इथे मला मैलापूरने मदत केली. या पेठेत वैष्णवांची जुनी वस्ती आहे, पेयाळवारांचं हे जन्मगाव, वेदान्त देशिकांचं मंदिरही इथेच. कपाळावर 'यू' आकाराचं नाम लावणारे वडकलै आणि 'वाय' आकाराचं लावणारे तेंकलै. दोघांचा शेकडो वर्षांचा वाद आहे आणि त्याचा दृष्टांत प्राण्यांचा आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं, तशी भक्ताने धडपड करायला हवी, हा मर्कटन्याय. मांजराचं पिल्लू मात्र आईने मानेला धरून उचललं की हातपाय सोडून देतं, तसं देवावर सोपवून द्यावं, हा मार्जारन्याय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामी तेंकलै. मी रॅगडॉलची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, 'यात नवीन ते काय? पिल्लू आईच्याच तोंडात सैल पडतं. दुसऱ्या कोणी धरलं तर कशाला पडेल?'

मामींनी एका वाक्यात विषय संपवला. सैल पडणं हा जातीचा गुण नाही, ते विश्वासाचं लक्षण आहे. आणि मोठ्या मांजराला मानेला धरून उचलायचं नाही, हेही त्यातच आलं. मुलांना मी दुसऱ्या दिवशी उशी घेऊन शिकवलं: एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि सुटायची धडपड केली की लगेच खाली ठेवायचं.

शास्त्रज्ञांचं म्हणणंही याच वाटेने जातं, जरी जात अगदीच निरर्थक आहे असं ते म्हणत नाहीत. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाने २०१९ साली ५,७२६ मांजरांच्या माहितीवरून दाखवलं, की जातींच्या स्वभावांत फरक असतो आणि त्यातला बराच भाग आनुवंशिक असतो. पण गंमत पाहा. ज्या ब्रिटिश शॉर्टहेअरला सगळे शांत म्हणतात, ते माणसाजवळ स्वतःहून यायला सर्वांत नाखूश. म्हणजे शांत खरं, पण मुलाच्या मांडीवर येऊन बसेलच असं नाही. 'शांत' शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो: आळशी, अलिप्त आणि सोशिक. मुलांच्या घराला तिसरी हवी असते, दुकानात बहुधा पहिली किंवा दुसरी मिळते. आमच्यासारख्यांना तर चौथीच, आजारी.

सोशिकपणा कुठून येतो, याचं उत्तर फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दिलं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाने रोज थोडा वेळ हाताळलं, तर ते जन्मभर माणसाला धरून राहतं. ते दिवस गेले की दार अर्धं लागतं. सँड्रा मॅक्क्यून यांनी १९९५ साली आणखी एक दाखवलं. बाप धीट आणि मायाळू असेल तर पिल्लंही धीट होतात, बापाने त्यांना कधी पाहिलंही नसलं तरी. आता मैलापूरच्या गल्लीत बाप कोण हे शोधायला कोण जाणार, पण आई आणि घर तर पाहता येतं.

पिल्लू आईपासून लवकर तोडू नये, हेही यातूनच निघतं. आठ आठवडे तरी थांबावं, बारा झाले तर उत्तम. भावंडांशी मारामारी करतानाच त्याला कळतं, की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. आमचं पाच आठवड्यांचं पिल्लू जगलं असतं, तरी हे धडे त्याला मिळाले नव्हते.

नातवंडांना घेऊन मी याच दरम्यान महाबलीपुरमला गेलो. मैलापूरहून सुमारे पन्नास किलोमीटर. सातव्या शतकातल्या पल्लवांच्या त्या प्रचंड शिल्पपटावर एका पायावर तप करणारा तपस्वी आहे, कोणी त्याला अर्जुन म्हणतात, कोणी भगीरथ. खाली कोपऱ्यात एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पंजे वर करून तसंच तप करतंय आणि पायाशी उंदीर जमलेत. महाभारतात उद्योगपर्वात दुर्योधन हीच गोष्ट सांगून पाठवतो आणि धर्मराजाला ढोंगी मांजर म्हणतो. नात बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, 'ते ढोंगी नाहीये आजोबा. त्याला भूक लागलीये.' तेराशे वर्षांत इतकी सरळ टीका त्या शिल्पावर झाली नसेल.

भुकेवरून आठवलं. मैलापूरच्या घरोघरी मांजराला दहीभात, आपल्याकडे दूधभात. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळतं, ते नसेल तर डोळ्याचा पडदा आणि हृदय निकामी होतं, हे १९७० आणि ८० च्या दशकांत कळलं. मग आपल्या आजीची मांजरं दूधभातावर कशी जगली? ती दूधभातावर जगलीच नाहीत. माळ्यावरचे उंदीर खाऊन जगली, दूधभात हा वरचा मान होता. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर मिळत नाही. शाकाहारी घरांनी हा विचार आधी करावा, मांजर नंतर आणावं.

वर्ष संपल्यावर आम्ही पिल्लू आणलंच नाही. मामींच्या जिन्याखाली एक तीन वर्षांची पट्टेरी मांजरी होती. तिची दोन बाळंतपणं त्याच जिन्याखाली झाली, इमारतीतल्या सगळ्या पोरांनी तिची पिल्लं हाताळली आणि तिने कोणाला नख लावलं नाही. पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो, तीन वर्षांच्या मांजरीचा स्वभाव म्हणजे सेवापुस्तिका. मुलीला आधी पटेना. 'बाबा, रस्त्यावरची?' मी म्हटलं, तुझ्या बापाने पस्तीस वर्षं माणसं निवडली ती कुळ पाहून नाही, वागणं पाहून. तरी डॉक्टरांकडून तपासून घेतली, नसबंदी केली, पॅनल्युकोपेनियाची आणि रेबीजची लस दिली. रेबीजबाबत मी घरात फौजी शिस्त लावलीय: नख लागो की दात, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच डॉक्टर. मांजर घरचं आहे म्हणून सूट नाही.

पहिले चार दिवस ती कपाटाखाली होती. नातवाला मी एकच हुकूम दिला होता: तिच्याकडे जायचं नाही, खोलीत बसून अभ्यास करायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो गणितं सोडवत होता आणि ती येऊन त्याच्या वहीवर बसली. त्याने पेन्सिल खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हलला नाही. साडेसात वाजले, जेवायला हाक आली, तरी उठेना. 'आजोबा, मी उचलू का हिला?' त्याने दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, विचारून बघ तिला. त्याने एक हात छातीखाली घातला, एक मागच्या पायांखाली.

मामी अजून रोज सकाळी तिच्यासाठी वाटीत दहीभात ठेवतात. ती वास घेते आणि पाल पकडायला जाते.